आमची वाटचाल: मागाच्या जॉबरकीतून डाकेच्या यंत्रांकडे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. पाकिटं, मासिकं, बँकेची कागदपत्रं, कुरियरचे फ्लायर म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या पिशव्या असा चपटा माल पट्ट्यावरून पुढे नेणारी आणि पत्त्याप्रमाणे वेगवेगळ्या खणांत टाकणारी यंत्रं आम्ही बनवतो. नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोलापुरात? चादरी सोडून?" प्रश्न रास्त आहे, पण आम्ही इथवर आलो ते चादरीच्या धंद्यातूनच.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, मागांचे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. सोलापूरची पहिली कापड गिरणी, जिला गाव आजही जुनी गिरणी म्हणतं, ती 1877 साली सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. त्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले तसे माग पूर्व भागातल्या घरांत आणि एमआयडीसीच्या शेडमध्ये गेले. माग जिथे गेले तिथे जॉबरही गेला. अण्णा सायकलला हत्यारांची पिशवी लटकावून घरोघर फिरायचे. धोटा उडतोय, पिकर फाटलाय, जकार्डचा हुक अडकलाय, असली कामं. नंतर त्यांनी एक जुना लेथ घेतला आणि सुटे भाग करायला लागले.

अण्णांच्या हाताखाली मी एक गोष्ट शिकलो, तिच्यावर आमचा आजचा धंदा उभा आहे. चांगल्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्याच्यावर लटकलेली पत्र्याची बारीक पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तरी माग थांबतोच. अण्णा नवीन माग बघायला गेले की तो किती वेगात चालतो हे विचारायचेच नाहीत. चालत्या मागाचा एक धागा कात्रीने तोडायचे आणि तो कुठे थांबतो ते बघायचे. मालकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा.

आणि दुसरी गोष्ट जकार्डची. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर उठते. पुठ्ठ्याला भोक असेल तर सुई आत जाते, हुक उचलला जातो, धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. 1804 सालची ही युक्ती. पाकीट सरळ जाऊ द्यायचं की बाजूच्या खणात वळवायचं, हे आमच्या यंत्रात पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक ठरवतो, पण मुळात काम तेच: खूण वाचायची आणि तिच्याप्रमाणे एक गेट हलवायचं. त्यामुळे जकार्ड बसवलेला आमचा फिटर या कामाला बिचकला नाही. इंजिनिअरिंग शिकून आलेली मुलं मात्र आधी बिचकली. त्यांना प्रोग्रॅम येत होता, पण पट्टा एका बाजूला का सरकतो हे सांगता येत नव्हतं. (पुलीचा मध्यभाग किंचित फुगीर ठेवला की पट्टा आपोआप मध्यावर राहतो. मुलांना हे पटवायला पुली कातून दाखवावी लागते.)

सुरुवात टॉवेलपासून झाली. इथले टेरी टॉवेलवाले बाहेरदेशी माल पाठवतात. घडी घातलेले टॉवेल तपासणीच्या टेबलापर्यंत नेणारे पट्टे आम्ही करून द्यायचो. त्यातल्याच एका मालकांच्या साडूंचं पुण्यात मेलिंगचं काम होतं. कंपन्यांचे अहवाल, बिलं, मासिकं छापून, पाकिटात भरून, पिनकोडप्रमाणे लावून टपालात टाकायची. ते एकदा कारखान्यात आले, चालता पट्टा बघितला आणि म्हणाले, "टॉवेल जातोय तर आमचं पाकीट का जाणार नाही?"

पाकीट जातं. पण टॉवेल पट्ट्यावर एकेक ठेवायला माणूस असतो आणि पाकिटांचा गठ्ठा असतो. सगळी मेख तिथे आहे. डाकेच्या यंत्रात अवघड काय, असं कुणालाही विचारा, तो पत्ता वाचणं म्हणेल. माझ्या मते अवघड काम गठ्ठ्यातून एकच पाकीट सोडवण्याचं. एकदा ते सुटं झालं की पुढचं सगळं मोजमापाचं काम राहतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाईक इथेच फसतं. गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं पाकीट रबरी रोलर पुढे ओढतो. त्याच्यावरचं पाकीट त्याच्यासोबत येऊ नये म्हणून समोर एक पॅड अडवायला असतो. रोलर आणि कागदातलं घर्षण सगळ्यात जास्त हवं, पॅड आणि कागदातलं त्याहून कमी, आणि कागद-कागदातलं सगळ्यात कमी. हा क्रम टिकला तर पाकिटं एकेक सुटतात. मोडला की दोन-दोन निघतात, नाहीतर एकही निघत नाही. आता गुळगुळीत आर्ट पेपरचं मासिक घ्या, खिडकीचं पाकीट घ्या, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला अंक घ्या. प्रत्येकाचं घर्षण वेगळं. त्यात सोलापूरची हवा. उन्हाळ्यात पारा 43 अंशांवर, हवा कोरडी ठणठणीत, आणि पॉलिथिनवर स्थिर वीज इतकी की अंक एकमेकांना सोडत नाहीत. तिथे आम्ही आयन सोडणारी पट्टी बसवतो. मुंबईला जुलैत तेच यंत्र नेलं तर कागद दमट होऊन लुळा पडतो, रोलरखाली दुमडतो. म्हणून लुळ्या मालासाठी रोलरऐवजी भोकांचा पट्टा आणि खालून हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम फीडर वापरतो. तो महाग पडतो. पण प्लास्टिकला दुसरा इलाज नाही.

एकावर एक आलेल्या पाकिटांना आमच्याकडे जोडी म्हणतात. जोडी पकडायला दोन पहारे असतात. एक प्रकाशाचा किरण, जो पाकिटाची लांबी मोजतो. दुसरा जाडी बघणारा रोलर. जोडी आली की यंत्र तिला कुठल्याही गावाच्या खणात न टाकता शेवटच्या नाकार-खणात टाकतं. लागोपाठ जोड्या आल्या तर यंत्र थांबतं. अण्णांची कात्री इथे उपयोगी पडली, असं म्हणायला हरकत नाही.

वेगाचं गणित साधं आहे. पट्टा सेकंदाला एक मीटर. पाकीट 300 मिलिमीटर लांब, दोन पाकिटांत 200 मिलिमीटरची फट. म्हणजे सेकंदाला दोन, तासाला 7,200. गेटला वळायला मिळतात जेमतेम 200 मिलिसेकंद. पाकीट नेमकं कुठे पोचलंय हे घड्याळावरून ठरवत नाही. शाफ्टवर एन्कोडर असतो, पट्टा सरकेल तशी स्पंदनं मोजतो. ठरलेला आकडा आला की गेट वळतं. त्यामुळे लाइट गेल्यावर पट्टा मंदावत थांबला तरी पाकिटाचा पत्ता हरवत नाही. आमच्या भागात लाइट जाते, हे वेगळं सांगायला नको.

कागदावर हे 7,200 छान दिसतं. प्रत्यक्षात गठ्ठे भरायला वेळ जातो, अडकलेलं काढायला वेळ जातो. म्हणून आम्ही वेगापेक्षा अडकलेलं पाकीट किती चटकन काढता येतं याच्यामागे लागलो. पट्ट्याच्या वरचा भाग एका मुठीने उचलता आला पाहिजे, हत्यार न लावता. परवा नवीन पोरगं ट्रायलच्या यंत्रात अडकलेला अंक काढायला स्पॅनर शोधत होतं. आमचे फिटर मामा लांबूनच ओरडले, "काय बे, स्पॅनर कशाला? मूठ ओढ की!" पोराने मूठ ओढली, वरचा पट्टा उचलला गेला, चुरगळलेला अंक हातात आला. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. माझ्या माहितीपत्रकापेक्षा त्याला तेच जास्त पटलं असणार.

पत्ता वाचण्याकडे येतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पण हा सॉर्टिंगचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. सोलापूर 413001, पंढरपूर 413304, बार्शी 413401 इथवर ठीक. लातूर 413512 आणि बारामती 413102 सुद्धा याच 413 मध्ये. कुरियरवाल्यांच्या गाड्या मात्र लातूरला वेगळ्या, बारामतीला पुण्यातून वेगळ्या. त्यामुळे 'पहिल्या तीन आकड्यांवर लावा' एवढं सांगून भागत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचा गाडीमार्गाचा तक्ता आमच्या यंत्रात भरावा लागतो, आणि तो त्यांना स्वतःला बदलता आला पाहिजे. गणपती-दिवाळीत मार्ग बदलतात, तेव्हा आम्हाला फोन करून थांबायला कुणाला वेळ नसतो.

हाताने लिहिलेला पत्ता आम्ही वाचत नाही. ते काम मोठ्यांचं. टपाल खात्याने मुंबईत 1993 साली आणि चेन्नईत 1996 साली यंत्राने टपाल लावायला सुरुवात केली, तिथली यंत्रणा आमच्या आवाक्याबाहेरची. आम्ही छापील पिनकोड आणि बारकोड वाचतो. बारकोड म्हटलं की स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा क्रमांक डोळ्यांसमोर आणा: आधी दोन अक्षरं, मग आठ आकडे, मग एक तपासणीचा आकडा, शेवटी आयएन. हा तपासणीचा आकडा फार गुणी आहे. आठ आकड्यांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणायचं, बेरजेला 11 ने भागायचं आणि बाकी 11 मधून वजा करायची. उत्तर 10 आलं तर 0 धरायचा, 11 आलं तर 5. नवव्या आकड्याशी जुळलं नाही तर वाचण्यात चूक. सुरकुतलेल्या पॉलिथिनवर प्रकाश चमकून चुकीचं वाचन होतं, ते हा हिशोब तिथल्या तिथे पकडतो. आमच्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोराला मी हा हिशोब कागदावर करायला लावतो.

धंद्याचं म्हणाल तर सरळ रेषेत काही गेलं नाही. बिलं ईमेलवर गेली, अहवाल पीडीएफमध्ये गेले, मासिकांचे वर्गणीदार रोडावले. अमेरिकेच्या टपाल खात्याने मोठी पाकिटं आणि कॅटलॉग घरांच्या क्रमाने लावणारी शंभर अवाढव्य यंत्रं घेतली होती, पण डाकच घटली आणि पुढे ती काढायची वेळ आली. त्यांची ती गत, तर आपण कोण? आम्हाला तारलं ते फ्लायरने. ऑनलाइन मागवलेली साडी, कुर्ती, शाळेचा गणवेश प्लास्टिकच्या चपट्या पिशवीत येतो. जाडी जास्त, आकार अघळपघळ, पण शेवटी तो चपटाच माल. 2020 नंतर आमच्याकडे येणारी विचारणा बहुतेक फ्लायरचीच. पाकीट पट्ट्यांत उभं धरून नेता येतं. फ्लायर आडवाच न्यावा लागतो आणि खाली उघडणाऱ्या ट्रेमधून पिशवीत सोडावा लागतो. त्यासाठी यंत्राचा निम्मा भाग नव्याने करावा लागला.

पैशाचं दुखणं सगळ्या लहान कारखान्यांचं तेच. एका मोठ्या गिऱ्हाइकाने यंत्र चालू झाल्यावरही शेवटचा हप्ता कितीतरी महिने अडकवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावं, असा कायदा 2006 सालचा आहे. मुदत उलटली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, हा आयकराचा नियम अलीकडचा. कायद्याने जे जमलं नव्हतं ते आयकराच्या भीतीने बरंचसं जमवलं. आता मार्च जवळ आला की फोन तेच करतात.

पूर्व भागातली मागांवर वाढलेली मुलं अजून आमच्याकडे येतात. पुण्याला जातात, काही परत येतात. कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड एकाच वाक्यात चालतात आणि पीएलसीच्या प्रोग्रॅममधल्या शेऱ्यांतही त्याची झलक दिसते. बाहेरच्या इंजिनिअरला ते शेरे कळत नाहीत. बदलायला हवेत, पण अजून राहिलंय.

सध्या हाती आहे ते छोट्या कुरियर हबसाठीचं लहान यंत्र. थोडेच खण, सिंगल फेजवर चालणारं, कंप्रेसर न लागणारं. तालुक्याच्या ठिकाणी हवेची लाइन आणि थ्री फेज कुठून आणायची? म्हणून गेट हवेच्या सिलिंडरऐवजी सोलेनॉइडवर, म्हणजे विजेने ओढणाऱ्या चुंबकावर घेतलंय. ते तापतं, त्याच्यावर काम चालू आहे. मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर चालवून बघितल्याशिवाय बाहेर द्यायचं नाही, असं ठरवलंय.

ज्यांना यंत्र बघायचंय त्यांनी जरूर यावं, फक्त एक विनंती. येताना निवडून काढलेले कोरे नमुने आणू नका. हबमध्ये काल आलेली डाक पोतंभर घेऊन या: वाकलेली पाकिटं, टाचणी राहिलेली, सुतळी बांधलेली, पावसात भिजून वाळलेली, लेबल अर्धं उखडलेलं. किंमत त्या पोत्यातला माल यंत्रावरून गेल्यावर सांगतो, आधी नाही.