देवमाशावर कोरलेलं नाव

चिरंजिवाने गाडीच्या किल्लीने सिमेंटच्या देवमाशाच्या पोटावर स्वतःच्या नावाची दोन अक्षरं कोरली. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मागून एक गोऱ्या आजी आल्या, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला. मी मनातल्या मनात दंडाचा आकडा मांडायला लागलो. इकडे अमेरिकेत गवत वाढलं तरी नोटीस येते, हा तर सरळसरळ गुन्हा. पण आजींनी नुसतं विचारलं, शनिवारी सकाळी मोकळे आहात का?

एक सांगून ठेवतो, पोराची चूक अर्धीच. मागच्या उन्हाळ्यात आम्ही टेक्सासमधल्या अमारिलोला गेलो होतो. तिथे शेतात दहा कॅडिलॅक गाड्या नाक मातीत खुपसून उभ्या पुरल्या आहेत, 1974 पासून. ज्याला वाटेल त्याने स्प्रेचा डबा आणावा आणि गाडीवर काय हवं ते रंगवावं, कोणी अडवत नाही. आम्ही तिथे देवनागरीत आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या गावाचं नाव, ‘एरंडोल’, लिहून आलो, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, 43 अंगठे आले. आता त्या पोराला कसं समजावणार, की त्याच रूट 66 नावाच्या जुन्या महामार्गावरच्या त्या गाड्या रंगवणं ही कला आणि या माशावर किल्ली ओढणं हा उपद्व्याप?

मासा ओक्लाहोमा राज्यातल्या आमच्या टल्सापासून जवळच, कटूसा गावात. जुन्या रूट 66 च्या कडेला तळं, आणि तळ्यात निळाशार, तोंड वासून हसणारा सिमेंटचा देवमासा. लांबी 80 फूट, म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक. तोंडातून आत शिरायचं, शिडीने डोक्यात चढायचं, भोकांतून बाहेर बघायचं. बाजूने घसरगुंड्या, शेपटीवर पाण्यात सूर मारायचा ओटा. आणि ओक्लाहोमाला समुद्र शेकडो मैलांत नाही.

आप्पांना घेऊन गेलो तेव्हा ते दोन मिनिटं बघतच राहिले. मग अहिराणीत म्हणाले, “हाऊ मासा शे का? आठे समुद्र कोठे शे?”

मी गोष्ट सांगितली. टल्साच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख होते ह्यू डेव्हिस. त्यांच्या बायकोला, झेल्टाला, देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भेट म्हणून निवृत्त नवऱ्याने हा मासा उभा केला, 1972 मध्ये पुरा झाला. मूळ बेत घरच्यांपुरता होता, पण रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पोहायलाच उतरायला लागले, मग सर्वांसाठी खुला केला. आप्पा ऐकून म्हणाले, “बायकोले लुगडं ली दिन्हं व्हतं ते सस्तामा पडतं!” आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

पुढची गोष्ट मात्र त्यांना आवडली नाही, कारण ती त्यांना ओळखीची वाटली असावी. शेजारून मोठा हायवे झाला, 1985 मध्ये रूट 66 सरकारी यादीतूनच गेला. डेव्हिस दांपत्य थकलं, 1988 मध्ये तळं बंद, 1990 मध्ये ह्यू गेले. रंग उडाला, तळ्यात शेवाळ, झाडोरा. आपल्याकडेही नॅशनल हायवे सहा आता त्रेपन्न झालाय आणि चौपदरी होताना कडेच्या किती टपऱ्या, किती निंबाची झाडं गेली ते मी सुट्टीत येतो तेव्हा मोजायचं सोडून दिलंय.

फरक एवढाच की इथे मासा परत उभा राहिला. नव्वदच्या दशकापासून गावकरी, स्वयंसेवक, एक हॉटेलवाली कंपनी असे सगळे हात लावत गेले, आणि 2020 मध्ये तो शहरानेच विकत घेतला. आज तिथे दुकान आहे, चुंबक मिळतात, माशाचे टीशर्ट मिळतात.

इथे मला राग येतो, तो जरा काढून घेतो. अहो, पन्नास वर्षांचा सिमेंटचा मासा! आमच्याकडे फरकांड्याच्या मशिदीचे झुलते मनोरे. एक हलवला की दुसरा हलतो, असे मनोरे. एरंडोलहून कासोद्याकडे जाताना आजोबा बैलगाडीतून बोट दाखवायचे. त्यांच्या लहानपणी वर चढून हलवणारी माणसं होती, खालून दुसरा मनोरा डुलताना बघणारी होती. अमेरिकेत असा मनोरा असता तर शंभर मैल आधीपासून पाट्या लागल्या असत्या. ‘झुलायला अजून 40 मैल’, ‘अजून 10 मैल’, आणि पोचलात की तिकीट, पार्किंग, टोपी. यांच्याकडे जुनं काही नाही म्हणून हे माशाला जपतात, आमच्याकडे जुनं इतकं की कुठे कुठे बघणार, असं मी बायकोला गाडीत सुनावलं. ती म्हणाली, “दोनांतला एक मनोरा पडलाय ना?”

पडलाय. आता उरलेला हलवला तरी दुसरा हलतो का हे कोणाला सांगणार? दुसराच नाही.

शनिवारी गेलो. सात-आठ लोक होते, बहुतेक सत्तरीचे. बेकन-अंड्यांचा वास येत होता. आम्ही डब्यात कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत नेलं होतं. इथल्या वांग्याला बामणोदच्या वांग्याची सर नाही, पण हिरवी मिरची हात राखून घातलेली नव्हती. एका आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे लाल केले, आणि दुसरी पुरी मागितली. मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं.

पोराला खरवडायचा पत्रा दिला. त्याने कोरलेल्या दोन अक्षरांच्या भोवतीचा सुटलेला रंग तो काढत होता. खाली आधीचा निळा, त्याखाली अजून वेगळा निळा, त्याखाली पांढरट, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर. आजी म्हणाल्या, प्रत्येक थर कोणीतरी दिलेला आहे. मग त्यांनी भेगेत भरायचं मिश्रण बोटाने दाबून बसवायला शिकवलं, सुकू दिलं, वर रंग. बारा वर्षांचा मुलगा, घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तासभर त्या दोन अक्षरांपाशी बसला होता.

मी कुंचला घेऊन पोटाखालचा भाग रंगवत होतो आणि मला माझा खिळा आठवत होता.

सातवीत शाळेची सहल फरकांड्याला गेली होती. धाकट्या भावाने कुठून तरी खिळा आणला आणि आम्ही मनोऱ्याच्या भिंतीवर दोघांची नावं कोरली. गुरुजींनी पाहिलं, कान पिळला, आणि सगळे जेवायला बसले. भिंतीचं पुढे काय करायचं, हे तेव्हा त्यांनाही सुचलं नसावं. आता कोणी म्हणेल, मग एवढं वाटतंय तर पैसे का नाही पाठवत. पाठवले असते. पण कोणाला? ग्रामपंचायतीला, पुरातत्त्व खात्याला, मशिदीच्या विश्वस्तांना? आणि 13 हजार किलोमीटरवरून एकाने पैसे पाठवले की गावात आधी ‘हा कोण’ अशी चौकशी होते, मनोऱ्याची नंतर. हे खरं आहे. हेही खरं की गेल्या चार सुट्ट्यांत मी एरंडोलहून पद्मालयाला गेलो, जळगावला मॉलला गेलो, फरकांड्याला गेलो नाही. पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे, आमची पीजे, 2020 मध्ये बंद पडली तेव्हा मी ग्रुपवर हळहळलो होतो. शेवटचा तिच्यात बसलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं.

शिवाय नाव कोणत्या मनोऱ्यावर कोरलं ते काही केल्या आठवत नाही. पडला त्यावर असेल तर पुरावाच गेला.

रात्री आप्पांना फोन लावला. ते दिवाळीआधीच परत गेले होते. म्हटलं, एकदा फरकांड्याला चक्कर मारा, आमची नावं दिसतात का बघा, फोटो पाठवा. आप्पा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“कापूस येचाई जाऊ दे,” ते म्हणाले, “मंग जासू. तू कधळ येसी?”