दुव्यांवरची अडत : आमची वाटचाल

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात माझे वडील ३१ वर्षे दिवाणजी होते. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा आणि दोघांची गाठ घालून देणाऱ्याला अडत, हा व्यवहार मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे २०१८ साली पत्नीने आणि मी घरातल्या मागच्या खोलीत अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा वडिलांना तो समजायला वेळ लागला नाही. वाचक आमच्या संकेतस्थळावरील दुव्यावरून विक्रेत्याकडे जातो, त्या दुव्यात आमचा सांकेतिक क्रमांक असतो आणि खरेदी झाली, तर विक्री करणारी कंपनी आम्हाला ठरलेले कमिशन देते. ग्राहकाला त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही. सगळे ऐकून घेतल्यावर वडिलांनी विचारले, "अडत्याकडे माल बघायला मिळतो. तुमच्याकडे गिऱ्हाईक काय बघणार?" त्या वेळी याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

सुरुवातीला आम्ही मोबाइल आणि हेडफोन यांवर लिहिले. कंपनीने दिलेली वैशिष्ट्ये मराठीत उतरवायची आणि खाली दुवा द्यायचा, एवढेच ते लेखन होते. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट योजनेत टिकून राहण्यासाठी पहिल्या १८० दिवसांत तीन ग्राह्य विक्री व्हाव्या लागतात. आम्हाला हातभार लावावा म्हणून घरच्यांनी आमच्याच दुव्यांवरून खरेदी केली. स्वतःची आणि घरच्यांची खरेदी धरली जात नाही, हे नियम नीट वाचल्यावर कळले.

वळण आले ते पत्नीच्या जतच्या मावशींमुळे. ज्वारीसाठी कोणती घरघंटी घ्यावी, असे त्यांनी विचारले आणि आम्हाला सांगता येईना. मग पत्नीने ओळखीच्या घरांतून आणि दुकानांतून वेगवेगळ्या घरघंट्यांवर ज्वारी, बाजरी आणि गहू दळून पाहिले. पीठ किती गरम होते, कोणत्या जाळीने भाकरीजोगे पीठ मिळते, दमट धान्याने जाळी किती लवकर बुजते आणि विजेचा दाब कमी असताना मोटर कशी चालते, हे तिने वहीत टिपले आणि त्यावरून लेख लिहिला. त्या लेखाखाली वाचकांच्या शंका येऊ लागल्या आणि खरेदीही होऊ लागली. तेव्हापासून जी वस्तू आम्ही हाताळलेली नाही, तिच्यावर आम्ही लिहीत नाही.

या धंद्यात पैसा उशिरा येतो, हे नव्याने उतरणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. अ‍ॅमेझॉनवर दुवा उघडल्यापासून २४ तासांत खरेदी झाली, तरच ती आमच्या खात्यावर धरली जाते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकलेली असेल, तर साधारण ९० दिवसांपर्यंत मुभा असते. वस्तू परत गेली की कमिशनही जाते. महिना संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी रक्कम जमा होते, म्हणजे दिवाळीतल्या विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत संक्रांत उजाडते. त्यातून उद्गम करही (टीडीएस) कापला जातो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला.

एका वर्षी ज्या कंपनीवर आमची निम्मी मिळकत अवलंबून होती, तिने थोड्याच दिवसांची सूचना देऊन कमिशनचा दर निम्मा केला. ते चार महिने फार कठीण गेले. त्याच सुमारास एका उत्पादकाने फुकट यंत्र आणि वाढीव कमिशन देऊ केले. अट एवढीच, की त्याच्या यंत्राच्या जाळीबद्दलची तक्रार लेखातून काढावी. पैशांची गरज असूनही आम्ही नकार दिला, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

आमची स्वतःची एक चूकही सांगायला हवी. आम्हाला कमिशन मिळते, ही सूचना आम्ही पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत देत होतो. २०२१ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा आम्ही ही सूचना लेखाच्या पहिल्या ओळीत आणली. खरेदी घटेल, अशी भीती होती. तसे काही झाले नाही.

आज आम्ही चौघे काम करतो. प्रत्येक लेख आधी वडील वाचतात आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवून "हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?" असे विचारतात. एका मिक्सरवरचा लेख त्यामुळे गेले तीन आठवडे अडला आहे. तो मिक्सर सध्या जतला मावशींच्या स्वयंपाकघरात आहे.