कावळा, फांदी आणि कार्टर

ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी लॉजिक शिकवतो. तर्कदोष आले की अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या वादसभांच्या क्लिप दाखवतो. इथल्या नेत्यांची उदाहरणं घेतली तर तास राहतो बाजूला आणि पालकांचे फोन येतात. त्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता. प्रोजेक्टर लावला आणि लाइट गेली. मग रेगन मलाच व्हावं लागलं.

२८ ऑक्टोबर १९८०, क्लीव्हलँड. मतदानाला एक आठवडा. एका बाजूला आव्हान देणारे उमेदवार रोनाल्ड रेगन, समोर अध्यक्ष जिमी कार्टर. शेवटी रेगन थेट लोकांनाच विचारतात: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? दुकानात जाऊन वस्तू घेणं सोपं झालंय का?

मी फळ्यावर लिहिलं, 'काकतालीय न्याय'. महागाई साडेतेरा टक्क्यांच्या घरात होती खरी, पण इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

"सर, पण हा कावळा चार वर्षं बसून होता ना?" मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग खिदळला. ती मुलगी मात्र हसत नव्हती. "आणि कार्टरमुळे झालं असं ते म्हणाले कुठे? त्यांनी नुसतं विचारलं."

विधानच नाही, तर दोष दाखवू कशात? निष्कर्ष ज्याने त्याने आपापल्या घरी, किराण्याचं बिल आठवून काढायचा. आणि आपणच काढलेल्या निष्कर्षावर शंका कोण घेतो! कार्टरना ५३८ पैकी ४९ इलेक्टोरल मतं पडली. इतकी वर्षं हे उदाहरण मी बिनदिक्कत फळ्यावर लिहीत होतो.

सावरायला १९८४ची वादसभा काढली. रेगन ७३ वर्षांचे, त्यांचे प्रतिस्पर्धी मोंडेल ५६. वयाचं काय, असं विचारल्यावर रेगन म्हणाले, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. तिथे मोंडेलही हसले होते, इथे अख्खा वर्ग हसला. वयाच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही, हे मी सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढीच माझी लाज राखली गेली.

तास संपल्यावर जिन्यात तीच मुलगी आडवी आली.

"सर, जूनपेक्षा आता आम्हाला लॉजिक जास्त कळतं ना?"

"कळतं की!"

एवढं विचारून ती गप्प उभी राहिली. सोमवारची चाचणी पुढच्या आठवड्यात घेऊ, असं मीच म्हणालो. स्टाफरूममध्ये छत्री झटकताना माझी ट्यूब पेटली.