जहाज निपाणीला थांबणार

परवा दुपारी पोरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पीडीएफ पाठवल्या आणि खाली लिहिलं, "आई, रविवारपर्यंत एक ठरवा, मग मी बुक करते." आमच्या लग्नाला यंदा तीस वर्षं होतायत, म्हणून भूमध्य समुद्रातली क्रूझ. सात रात्री. एक पश्चिमेकडची, एक पूर्वेकडची. पोरगी पुण्यात असते, तिथं राहून 'करते' म्हणायला शिकली, इथं होती तेव्हा आमच्यासारखीच 'मी करतो' म्हणायची. असो, तो वेगळा विषय.

मोबाईलवर ते बारीक अक्षर काही दिसेना, म्हणून दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन दोन्हींचे प्रिंट काढून आणले. येताना गेट पडलेलं, नेहमीसारखं, मग काय, तिथंच स्कूटीवर बसून वाचायला घेतलं. झेरॉक्सच्या पोरानं तर काढता काढताच वाचून टाकलं होतं. "काकू, बार्सिलोनाचं करा की, फुटबॉल बघायला मिळतंय." म्हटलं, मला फुटबॉलमधलं काय कळतंय? "कळायला कशाला लागतंय, बघायचं," म्हणाला. बेळगावात सल्ल्याला कधी पैसे पडत नाहीत.

तेव्हापासून ते दोन कागद डायनिंग टेबलावर शेजारीशेजारी पडलेत, फॅननं उडू नयेत म्हणून एकावर मिठाची बरणी आणि दुसऱ्यावर ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा. पश्चिमेचं जहाज बार्सिलोनाहून निघतंय, मग मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स, पाल्मा आणि परत बार्सिलोना. पूर्वेचं अथेन्सच्या पिरेयस बंदरातनं, मग मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, सँटोरिनी, कॉर्फू, कोटोर. शाळेत भूगोलात भूमध्य सागरी हवामान होतं, उन्हाळे कोरडे आणि पाऊस हिवाळ्यात, पिकं ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं, एवढं अजून झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा मला ते हिवाळ्यातल्या पावसाचं फार नवल वाटायचं. आमच्याकडं जूनमध्ये एकदा सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, आणि त्या लोकांना थंडीत भिजायची काय हौस?

तर कागदावर तीन रकाने आहेत. बंदर, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ. माणसं पहिला रकाना वाचतात. मी तिसरा वाचला.

ह्याला कारण आंबोली.

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही म्हापशाला मावशीकडं जायचो आणि आदल्या रात्री घरात एकच वाद, अनमोडवरनं की आंबोलीवरनं? अनमोड म्हणजे खानापूर, रामनगर, जंगल, घाट उतरून फोंडा, पणजी आणि मग म्हापसा. आंबोली म्हणजे शिनोळी, पाटणे फाटा, घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि म्हापसा. अप्पा आंबोलीवाले. कारणं भरपूर सांगायचे, रस्ता बरा, गाडी बरी, हवा थंड, खरं कारण एकच, आंबोलीच्या स्टँडवरची गरम कांदाभजी. आईला गाडी लागायची. लिंबू, आवळासुपारी, रुमाल अशी सगळी तयारी मांडीवर घेऊन ती ह्या वादाकडं ढुंकूनही बघायची नाही. एकदा अप्पांनी कौतुकानं विचारलं, तुझं काय मत गं? तर म्हणाली, "घाट कुठला का असेना, ओकारी एकच."

तर त्या वर्षी आंबोली. मी असेन आठ वर्षांची. वळीव पडून गेलेला, धुकं एवढं की बसच्या खिडकीतनं समोरचं हॉटेल दिसेना, नुसता तेलाचा वास यायचा. अप्पा उतरले. कंडक्टर म्हणाला पाच मिनटं. अप्पांची पाच मिनटं आणि कंडक्टरची पाच मिनटं कधीच जुळली नाहीत. मी खिडकीला नाक लावून बसलेली, काचेवर माझ्या श्वासाचा गोल, आणि त्या गोलात बोटानं मी काहीतरी काढत होते, तेवढ्यात घंटीची दोरी ओढली गेली आणि बस हलली. आईच्या तोंडात लिंबाची फोड. तिला ओरडताच येईना. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, खरं मागच्या सीटवरची कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी दचकली ते आठवतंय. आणि मग मागच्या काचेतनं अप्पा दिसले, धुक्यातनं धावत येताना, एका हातानं धोतर धरलेलं, दुसऱ्या हातात कागदाची पुडी डोक्याच्या वर उंच, पुढं वळणावर बस थांबली तोवर ते तसेच पुडी वर धरून पळत होते. चढले. काही बोलले नाहीत. धाप लागलेली. पुडी उघडली आणि एकेक भजी सगळ्यांना वाटली, कंडक्टरलापण दिली. सावंतवाडी आल्यावर उतरताना कळलं की डाव्या पायात चप्पल नाही. ती आंबोलीलाच राहिली. म्हापशाला मावशीच्या दारात माझा बाप एका चप्पलवर पोचला.

तेव्हापासून मी मधल्या स्टॉपला कुठल्याच गाडीतनं उतरत नाही. हे मिरजेला चहा घ्यायला उतरतात, मी दाराशी उभी राहून सिग्नलकडं बघते. हायवेवर आपलीच कार, आपलाच ड्रायव्हर असला तरी हॉटेलात माझं लक्ष किल्लीकडं. आणि आता पोरगी सांगतेय अशा गाडीत बस जी रोज सकाळी एका परक्या गावात थांबते, आठ-नऊ तास उभी राहते, आणि संध्याकाळी सांगितलेल्या वेळेला सुटते म्हणजे सुटते. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ आहेत, मी नको म्हणता म्हणता आठ-दहा बघितले. जहाज सुटायला आलंय, धक्क्यावरनं दोन माणसं पिशव्या सांभाळत पळतायत, आणि वर बाल्कन्यांतनं हजारभर लोक टाळ्या वाजवतायत. कोणी दोरी ओढत नाही. जहाजवाल्यांच्याच टूरनं गेलात आणि त्यांच्याच बसला उशीर झाला तर सहसा थांबतात म्हणे, आपले आपण फिरायला गेलात तर पुढच्या बंदरात स्वखर्चानं या.

ह्यांचं मत पश्चिम. रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, त्यांना रोमन लोकांचं काँक्रीट बघायचंय, आणि नेपल्सजवळचं पॉम्पेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि अख्खं गाव राखेखाली गेलं, उकरलं तर बेकरीच्या भट्टीत पाव तसेच सापडले, कोळसा झालेले. "दोन हजार वर्षांचा पाव," असं हे दिवसातनं तीनदा म्हणतात, जणू बेकरीत ह्यांनीच ऑर्डर दिलेली. खरं मी नकाशा काढून बघितला. कागदावर मोठ्या अक्षरात रोम, आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात सिव्हिटावेक्किया. हे बंदराचं नाव. तिथनं रोम सत्तर किलोमीटरच्या वर! म्हणजे बेळगाव दाखवतो म्हणून सांगायचं आणि गाडी निपाणीला उभी करायची. निपाणीहून रेल्वेनं तास-सव्वा तास जा, कोलोझियम बघा, घाम पुसा, आणि घड्याळ बघत परत निपाणी गाठा. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "अगं, इटलीतली रेल्वे आहे ती, आपल्यासारखी गेट पडून थांबत नाही." जसं काय रोज जातात.

पूर्वेच्या कागदावर कुशादासी आहे, तिथं मी अडकले. नकाशात बघाल तर सामोस नावाचं ग्रीक बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला एवढं चिकटलंय की मधली सामुद्रधुनी दोनेक किलोमीटरसुद्धा भरत नाही. इकडनं हाक मारली तर तिकडं ऐकू जाईल असं वाटावं. आणि व्हिसा मात्र शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, आणि तोही मल्टिपल एंट्रीच पाहिजे, कारण तुर्कस्तान त्यात नाही, एकदा तिकडं पाय टाकला की परत ग्रीसमध्ये शिरताना नव्यानं शिरल्यासारखं. आपण हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला सहज जाऊन येतो तसं नाही ते.

लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात उकळलेली, तळाशी गाळ बसणारी कॉफी पिरेयसला मागितली तर ती ग्रीक कॉफी, आणि तीच कुशादासीला तुर्की कॉफी. नाव चुकलं तर समोरच्याचा चेहरा बदलतो म्हणे. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दुकानाच्या पाटीवर वर कुठली भाषा आणि खाली कुठली, अक्षर कुणाचं मोठं, ह्यावर ज्या गावात दगड उडालेत त्या गावचे आपण. ह्या दोन देशांनी १९२३ साली करार करून माणसंच बदलून घेतली. बारा लाखांच्या आसपास तुर्कस्तानातनं ग्रीसला, चारेक लाख ग्रीसमधनं तुर्कस्तानात. तेही भाषा बघून नाही, धर्म बघून. घरात तुर्की बोलणारा ख्रिस्ती गेला ग्रीसला आणि क्रीटमधला ग्रीक बोलणारा मुसलमान आला तुर्कस्तानात, दोघंही नव्या गावात मुके. आमच्याकडं १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा निदान माणसं जागेवर राहिली, पाट्या तेवढ्या बदलल्या. माझे आजोबा एकाच घरात राहून मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेले, मी त्याच घरात म्हैसूरमधनं कर्नाटकात आले, आणि २०१४ ला एका सकाळी उठले तर गावाच्या स्पेलिंगलाही वळण लागलेलं, Belgaum चं Belagavi. उंबरा ओलांडला नाही कुणी. क्रूझच म्हणायची की ही एक.

काय सांगत होते मी? हां, कुशादासी. तिथं जवळच एफेसस आहे, मोठं बंदर होतं पूर्वी. नदीनं गाळ आणून आणून समुद्रच मागं ढकलला, आता तिथनं समुद्र काही किलोमीटर लांब. संगमरवरी रस्ता बंदरापर्यंत जातो आणि पुढं नुसतं गवत. फोटो बघूनच कसंतरी झालं. अख्खं गाव स्टॉपवर उभं आणि समुद्रच निघून गेलेला.

शेजारच्या वहिनी कुंदा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि म्हणाल्या, "ह्यात जेवण कशात चांगलं आहे?" हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. मग अर्धा तास त्यावर गेला. निष्पन्न काही नाही, कुंदा संपला.

काल रात्री जेवताना हे मान खाली घालून भात कालवत म्हणाले, "उतरलंच पाहिजे असा काय नियम आहे काय जहाजावरनं? तू वर बसून ऱ्हा निवांत, समुद्र बघ. मी जाऊन बघून येतो दोन तासात." चांगल्या मनानं म्हणाले. मला माहीत आहे चांगल्या मनानं म्हणाले. माझा घास हातातच राहिला. "नको," म्हटलं, "जाऊ की दोघं."

अप्पांच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये रात्रीची पाळी माझी असायची. पहाटे साडेचारला त्यांनी डोळे उघडले, म्हणाले, तू चहा घेऊन ये जा, मी आहे की इथं. लिफ्ट बंद होती. जिन्यानं खाली गेले, गाडीवाल्यानं नुकतंच आधण ठेवलेलं, त्याला म्हटलं जरा लवकर, त्यानं पहिला कप मलाच दिला. दहा मिनटं. फार तर बारा.

आज रविवार. पोरीचा फोन आला तेव्हा हे बाहेर झाडांना पाणी घालत होते. दोन्ही कागद माझ्यासमोर होते, पश्चिमेच्या कागदावर आमटीचा डाग पडलाय, नेमका नेपल्सवर. पूर्वेच्या कागदात सँटोरिनीचा फोटो आहे. तिथं जहाज धक्क्याला लागतच नाही, खाली समुद्रात उभं राहतं, छोट्या बोटीनं किनाऱ्याला जायचं आणि मग केबल कारनं वर गावात, नाहीतर साडेपाचशेच्या वर पायऱ्या. पांढरी घरं कड्यावर, आणि खाली निळ्या पाण्यात जहाज, काडेपेटीएवढं.

"पूर्वेचं कर," म्हटलं.

"का गं? बाबांना रोम पाहिजे होतं ना?"

"तिथं वरनं बोट दिसत राहती."