हर्णैजवळच्या दोन खोल्या: माझा अनुभव

आमचे हे कुवेतहून कायमचे परत आले आणि २०२३ साली आम्ही घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं. कोकणात फिरायला येणारी मुस्लिम कुटुंबं मी लहानपणापासून बघत आलेय. जंजिरा बघतील, दाभोळची अंडा मशीद बघतील, पण जेवायच्या वेळी घरून आणलेला डबा उघडतील. मटण कुठलं, कोणी कापलं, हे हॉटेलात विचारायचं कसं? त्या संकोचाचं मला फार वाईट वाटायचं.

कागदांनी घाम काढला. सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद करायची तर घराचा उतारा हवा आणि घरपट्टी होती सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन नऊ वर्षं झालेली. वारसांच्या सह्या गोळा करता करता चार महिने गेले, त्यातला एक दीर सौदीत. पाहुण्यांना जेवण विकायचं तर लागणाऱ्या सरकारी नोंदणीचं काम त्या मानाने सोपं निघालं. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती, अर्ज ऑनलाइन.

मग मुंबईच्या एका टूरवाल्याने हलाल सर्टिफिकेट मागितलं. चौकशी केली तेव्हा कळलं, घरगुती जेवणासाठी असा सरकारी परवानाच नसतो. खाजगी संस्था प्रमाणपत्र देतात, पण त्यांचं बरंचसं काम कंपन्या आणि निर्यातदारांसाठी. आमच्या दोन खोल्यांना तो खर्च झेपणारा नव्हता. कोंबडी कुठून येते आणि कोण जबह करतं (म्हणजे इस्लामी रीतीने कापतं), हे मी पाहुण्यांना आपणहून सांगते. बघायचं असेल तर या, म्हणते.

किब्ल्याचा, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा दाखवणारा बाण मुलाने मोबाइल बघून भिंतीला चिकटवला, तो नेमका लोखंडी कपाटाजवळ. होकायंत्र भरकटलं. इमामसाहेबांनी येऊन बाण सरळ केला. आमच्याकडे समुद्र म्हणजे पश्चिम, म्हणून सगळे तिकडेच तोंड करतात, पण इथून मक्का पश्चिमेच्या थोडी उत्तरेला पडते. दारामागे धुतलेले मुसल्ले, म्हणजे नमाजाच्या चटया ठेवल्या, बाथरूममध्ये जेट बसवला.

पहिलं कुटुंब मालेगावचं. मी हौसेने कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) कालवण केलं, तिसऱ्या (शिंपल्या) केल्या. ताटं मांडली, तर आजी गप्प. सुनेने हळूच सांगितलं, "खाला, आमच्यात हे चालत नाही." मला चर्रर्र झालं. इस्लामी नियमांच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, आम्हाला समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं. हे पाहुणे हनफी परंपरेचे. हनफी लोक मासे खातात, कुर्ल्या-तिसऱ्या नाही. कोलंबीबद्दल तर त्यांच्यातच दोन मतं. हलाल म्हटलं की सगळं एकच, असं मीच धरून चालले होते! लगेच सुरमईचे तुकडे तव्यावर टाकले, तांदळाच्या भाकऱ्या होत्याच. आजींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि काटे बाजूला रचत मला शेजारी बसवून घेतलं. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळही त्यांची आमच्या नंतरची, म्हणून दुसऱ्या दिवशी चहा उशिरा ठेवला.

मास्टरकार्ड आणि क्रेसेंटरेटिंग या कंपन्या २०१५पासून मुस्लिम प्रवाशांसाठी देशांचा निर्देशांक काढतात, मलेशिया त्यात वर असतो. तिथे नमाजाची जागा, हलाल जेवण ठिकठिकाणी मिळतं. आपल्या किनाऱ्यावर ही सोय घराघरांत आहेच, ती पाहुण्याला कळायला हवी. आता बुकिंगचा फोन आला की तारखेच्या आधी मी विचारते, "कुर्ल्या चालतात ना?" आणि मगच हर्णैच्या मासळीच्या लिलावाला जाते.