तुम्ही विचारलंत म्हणून: मार्क कमी पडले, आता पोरांशी काय बोलायचं?

बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो आणि संध्याकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. ज्यांना चांगले मार्क पडले ते पेढे घेऊन कॉलेजात येतात. फोन येतात ते दुसऱ्या घरांतून. "मॅडम, पोरगी बोलूनच नाही राहिली. दुपारपासून दार लावून बसली आहे. काय बोलू तिच्याशी?" जेईई, सीईटी, नीट, कोणत्याही प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की हाच प्रश्न येतो. फोनवर घाईत सांगून ते पोचत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं उत्तर असं आहे: पहिला आठवडा पोरांना वाईट वाटून घेऊ द्या, आणि अर्ज, तारखा, कागदपत्रं ही सगळी कामं तुम्ही तुमच्याकडे घ्या. बहुतेक घरांत याच्या अगदी उलट चाललेलं मी बघते. आई रडत असते, बाबा फीचा हिशेब काढत असतात, आणि जिचे मार्क कमी आलेत तीच मोबाइलवर फॉर्मची शेवटची तारीख शोधत असते. वर आईची समजूतही तिलाच काढावी लागते. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीवर इतकं टाकू नये.

पहिल्या दिवशी फार बोलू नका. "वाईट वाटलं ना? आम्हालाही वाटलं. जेवून घे, मग बघू," एवढं पुरे. "मी तेव्हाच सांगत होतो" हे वाक्य त्या दिवशी तर नाहीच, नंतरही कधी उपयोगाचं नाही. नातेवाइकांचे फोन तुम्हीच घ्या. "पास झाली, पुढचं ठरवतोय," असं सांगून विषय बदला. फोन पोरीच्या हातात देऊ नका. "मावशीला सांग किती पडले" म्हणून तिला बाहेर बोलावणं हा छळ आहे, मग मावशी कितीही प्रेमळ असो.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी बाहेर पडता येत नाही, खिडक्यांना पडदे, दिवसभर कूलरचा आवाज. आधीच खचलेलं पोरगं त्या अंधाऱ्या खोलीत दहा-दहा तास पडून राहतं आणि निकालाचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघतं. म्हणून संध्याकाळी सात वाजले की त्याला बाहेर काढा. अंबाझरी तलावावर न्या, फुटाळ्याला न्या, नाहीतर नुसतं कॉलनीत चाला. वाटेत निकालाचा विषय त्याने काढला तर ऐका, तुम्ही काढू नका.

आता तुमच्या वाट्याची कामं. बोर्डाच्या निकालानंतर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि दुःख ओसरेपर्यंत ती थांबत नाही. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. म्हणून ज्या विषयात अनपेक्षित धक्का बसलाय त्या विषयाची छायाप्रत मागवाच, असं मी आग्रहाने सांगते. मार्क वाढतील या आशेने नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीला फिजिक्समध्ये फार कमी मार्क पडले होते. "मला फिजिक्स येतच नाही," हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की इंजिनिअरिंगचं नावही नको म्हणत होती. छायाप्रत आली, आम्ही दोघी शेजारी बसून पान न् पान बघितलं. बेरीज बरोबर होती, तपासणी बरोबर होती, एकही मार्क वाढण्यासारखा नव्हता. पण सुरुवातीच्या पानांवर तिची उत्तरं स्वच्छ, नेमकी होती. लेखी पेपर 70 मार्कांचा, वेळ तीन तास, आणि शेवटच्या विभागात चार-चार मार्कांची तीन उत्तरं लिहायची असतात. ते 12 मार्क तिचे पूर्ण कोरे होते, आणि त्याच्या आधीच्या विभागातली काही गणितं अर्धवट सुटली होती. दोन मार्कांच्या प्रश्नांना तिने पाऊण-पाऊण पान लिहिलं होतं, तिथेच वेळ गेला. "म्हणजे मला येत होतं," असं ती म्हणाली. मार्क तेच राहिले, पण पुढचं सगळं ठरवायला तिला आधार मिळाला. नुसत्या गुणपत्रिकेवरून हे कळलं नसतं.

दुसरं काम म्हणजे आकडा नीट वाचणं. सीईटी आणि जेईई मेनमध्ये जे 85 दिसतात ते पर्सेंटाइल असतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून तुमच्या पोराची तुलना त्याच्या सत्रातल्या पोरांशी होते. 85 पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी मार्क आहेत. याचा बोर्डाच्या 85 टक्क्यांशी काहीही संबंध नाही, तरी शेजारच्या टक्क्यांशी त्याची तुलना होते आणि पोरं उगाच बोलणी खातात. बोर्डाच्या टक्क्यांचंही तसंच. एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीतसुद्धा, जेईई मेनवरून जायचं तर बारावीला 75 टक्के लागतात, किंवा बोर्डाच्या सगळ्यात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी हीच अट 65 टक्क्यांची आहे. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांतून इंजिनिअरिंगला मात्र खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 45 टक्के पुरतात, बाकी क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. म्हणजे 68 टक्क्यांनी एका ठिकाणी वाट अडते आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच अडत नाही. कुठे अडलंय हे कळल्याशिवाय "सगळं संपलं" असं घरात कुणी म्हणू नये. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात, हेही अनेक पालकांना माहीत नसतं. जानेवारीतच धीर सोडलेली मुलं मी बघितली आहेत.

एका बाबतीत थांबू नका. पोरगं सलग झोपत नाही, जेवत नाही, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले," "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलतं, तर त्याला एकटं सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्यायलाही लाजू नका. ताप आला असता तर आपण गेलोच असतो.

ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यायची का, हे पहिल्या आठवड्यात विचारू नका आणि ठरवू तर मुळीच नका. मला ड्रॉप सरसकट मान्य नाही. मित्र पुण्याला निघून जातात, हा एकटा त्याच खोलीत, त्याच क्लासला, त्याच वेळापत्रकाने बसतो, आणि चौकाचौकांत क्लासेसच्या बोर्डांवर दुसऱ्यांचे हसरे फोटो. कुठे कमी पडलो आणि या वर्षी नेमकं काय वेगळं करणार, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर जरूर घ्या. जेईई मेन लागोपाठ तीन वर्षं देता येते, आयआयटीसाठीची अॅडव्हान्स्ड दोन वर्षं. नसेल सांगता येत तर प्रवेश घेऊन पुढे जाऊ द्या. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, हिस्लॉप कॉलेज आहे, गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमा करून किंवा बीएस्सी करूनही इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. या वाटेने गेलेली माझी मुलं आज चांगली कामं करताहेत, आणि हे मी समजूत काढायला सांगत नाही.

आता "मग मी नुसता गप्प बसू का?" असं विचारणाऱ्या बाबांसाठी. गप्प बसायला वेळच नाही तुम्हाला. कॅपच्या अर्जाला डोमिसाइल लागेल, राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता, ओबीसी असाल तर चालू वर्षाला चालणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात आणि दाखला हातात यायला दिवस जातात. कपाटातली फाइल आज रात्री काढा, काय कमी आहे ते बघा, आणि उद्या ऊन चढायच्या आत जाऊन अर्ज टाकून या.