डावा इंडिकेटर दिला की चारही

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. घर मांजलपूरला. घरात मराठी, दुकानात दिवसभर गुजराती. गाड्या बहुतेक कारखान्यांत भाड्याने लागलेल्या, त्यामुळे कुठल्या गेटवर काय नवीन मागतात ते लगेच कानावर येतं. सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर पाहिजे, रिव्हर्सचा हॉर्न पाहिजे. आता काही ठिकाणी आणखी एक: रिव्हर्स गिअर पडला की चारही इंडिकेटर आपोआप चमकले पाहिजेत. शोरूममधून गाडी तशी येत नाही, ते काम आमच्याकडे येतं.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास एक काका जुनी बोलेरो घेऊन आले. दांडिया बाजारातले, अस्सल बडोदेकर. गाडीतून उतरले ते हात थरथरत होते.

"भाऊ, आधी हे इंडिकेटर बघा. मघाशी एका पोरीचा जीव गेला असता."

चार दिवसांपूर्वी त्यांनी हेच रिव्हर्सचं काम रस्त्यावरच्या एकाकडून अर्ध्या तासात करून घेतलं होतं. गेटवर तपासणी झाली, रिव्हर्स टाकल्यावर चारही लागले, पास मिळाला. पण त्यानंतर डावा इंडिकेटर दिला तरी चारही, उजवा दिला तरी चारही. काकांनी मनावर घेतलं नाही. सुसेन सर्कलपाशी त्यांनी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला. मागच्या स्कूटीवरच्या मुलीने चारही चमकताना पाहिले. आपल्याकडे चारही लावले म्हणजे 'मी सरळ चाललोय' असा अर्थ लोकांनी घेतलेला आहे. तो चुकीचा आहे, ते दिवे गाडी बंद पडली किंवा धोक्यात उभी असली तर लावायचे. पण समज तोच. ती सरळ जाण्यासाठी डाव्या बाजूने पुढे आली आणि काका वळले. मुलगी पडली. कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं.

माझ्या पोऱ्याने चावी चालू करून डाव्या इंडिकेटरची कांडी दाबली आणि मागून ओरडला, "सेठ, चारे बत्ती साथे थाय छे!"

स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. आत टेपचा गोळा. उष्णतेने टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटत होता. टेप उलगडला तर एकच रिले, म्हणजे करंट मिळाला की आपोआप जोडणारा स्विच, आणि करंट जिथून बाहेर पडतो त्या त्याच्या ८७ नंबरच्या टोकावर डाव्या बाजूची आणि उजव्या बाजूची वायर हाताने पिळून एकत्र लावलेली. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. दोष तिथेच होता. रिव्हर्समध्ये नसतानाही त्या पिळलेल्या टोकातून डावा आणि उजवा कायमचे जोडले गेले होते. डावीकडचा करंट तिथून उजवीकडे जायचा.

अशा कामाचा मला फार राग येतो. गेटवरचा माणूस रिव्हर्स बघणार, म्हणून तेवढंच चाललं पाहिजे, रस्त्यावर काय होईल ते गिऱ्हाईक बघेल! नियम सुरक्षेसाठी केला आणि तो पाळताना गाडी खोटं बोलायला लागली.

बरोबर काम दोन रिलेंचं आहे. रिले ओढणाऱ्या दोन्ही कॉइलला रिव्हर्स लाइटच्या वायरीतून करंट, दुसरं टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. करंट आत येतो त्या दोन्हींच्या ३० नंबरवर फ्लॅशरमधून, म्हणजे दिवे झपकवणाऱ्या डबीतून, निघणारी वायर. मग एकाच्या ८७ वरून फक्त डावी बाजू, दुसऱ्याच्या ८७ वरून फक्त उजवी. गिअर पडला की दोन्ही रिले ओढतात, गिअर काढला की दोन्ही बाजू पुन्हा वेगळ्या. रिव्हर्स लाइट चावी चालू असतानाच लागतो, तेव्हा फ्लॅशरलाही करंट असतोच. २१ वॅटचे चार बल्ब, बाजूचे पाच वॅटचे दोन, म्हणजे ९४ वॅट, बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास. ते बघून वायर घेतली, फ्लॅशर तेवढा लोड घेतो का ते त्याच्यावर वाचलं, प्रत्येक जोड सोल्डर केला. घड्याळ लावून झपके मोजले, मिनिटाला ८६. साठ ते एकशेवीसमध्ये पाहिजेत, म्हणजे ठीक.

काम होत आलं तसे काका हळूच म्हणाले, "एक बारीकसा स्विच टाका ना मध्ये. रात्री सोसायटीत गाडी लावताना तो हॉर्न आणि दिवे, शेजारी कटकट करतात." डॅशबोर्डवर लाल-निळा चमकणारा दिवाही हवा होता, गेटवर रुबाब पडतो म्हणे. लाल-निळ्याला मी सरळ नाही म्हटलं. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले, आपण कोण? स्विचलाही नाही म्हटलं. काकांचा चेहरा उतरला.

शेजारच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन चालतं. त्या वेळी ग्राइंडर जोरात सुरू होता. मी काकांना म्हटलं, "तिथे शटरकडे तोंड करून उभे राहा. गाडीकडे बघू नका." ते उभे राहिले. पोऱ्याने रिव्हर्स टाकला आणि ब्रेक दाबून धरला, गाडी जागची हलली नाही. हॉर्न वाजत होता, पण ग्राइंडरमध्ये तो मलाच धड ऐकू येत नव्हता. काका तसेच पाठ करून उभे. मग त्यांच्या समोरच्या शटरच्या पत्र्यावर पिवळा उजेड पडला, गेला, पडला, गेला. काकांनी दचकून मागे पाहिलं.

प्लांटमध्ये माणसं कानात प्लग घालून काम करतात. वाकून, पाठ करून. हॉर्न त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. डोळ्याच्या कडेला झपकलेला उजेड मात्र कळतो.

काका परत आले तेव्हा स्विचचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "हॉर्नचा आवाज थोडा कमी होईल?" मी म्हटलं, होईल, पण मी करणार नाही. मग म्हणाले, गाडी सोसायटीबाहेर तोंड पुढे करून लावीन. 

नऊ वाजून गेले होते. मी एका जाड कागदावर दोन्ही रिलेंची आकृती काढली, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते ते लिहिलं, वर सेलोटेप लावून फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं. उद्या दुसऱ्या कुणी हात घातला तर त्याला अंदाजाने वायरी कापाव्या लागू नयेत. काकांनी गाडी रिव्हर्समध्ये आवाराबाहेर काढली, चारही चमकले. मग पहिला टाकून त्यांनी डावा इंडिकेटर दिला. पोऱ्या रस्त्यापर्यंत धावत मागे गेला आणि तिथून एक बोट वर करून दाखवलं.